अक्षरांचा टू-इन-वन

भाद्रपदाची पौर्णिमा आली की नर्मदाकाठच्या धरमपुरीपासून वर देवासपर्यंत माळव्या-निमाडातील मुलींची संजा सुरू होते. घराच्या दर्शनी भिंतीवर शेणाने रोज एक नवी आकृती काढावयाची, तिच्यावर तेरड्याच्या आणि झेंडूच्या पाकळ्या चिकटवावयाच्या, संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणावयाची आणि दुसऱ्या दिवशी ती उतरवून नवीसाठी जागा मोकळी करावयाची, असा हा पितृपंधरवड्याचा क्रम. अखेरीस मोठा ‘किलाकोट’ मांडला जातो आणि मग सगळ्याचे विसर्जन होते. हादग्या-भुलाबाईची सखी शोभावी अशी ही संजा इकडच्या मराठी घरांना परकी नाही. भिंतीवर चित्र आणि चित्राभोवती गाणे हे नाते आपल्याला असे जुने आहे.

तेच नाते दूरच्या एका महानगरात अगदी निराळ्या वेषात प्रकट झाले. १९७१ साली न्यूयॉर्कमधील एका वृत्तपत्राने शहरभर ‘टाकी १८३’ ही अक्षरे लिहीत हिंडणाऱ्या एका तरुणाची हकिगत छापली. टाकी हे त्याचे टोपणनाव, १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. पाहता पाहता भिंतींवर आणि आगगाडीच्या डब्यांवर नावे लिहिण्याची चढाओढ लागली. अक्षरे फुगली, एकमेकांत गुंतली, त्यांना सावल्या आल्या. हीच ती ग्राफिटी. त्याच वस्त्यांतील मुले खांद्यावर मोठा थोरला कॅसेट-रेडिओ घेऊन रस्त्यावर नाचत. म्हणून या शैलीच्या चित्रांत तो रेडिओ आजही हटकून भेटतो. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेली चिमुकली कॅसेट त्याच्या पोटात होती. आपल्याकडे या यंत्राला सारे ‘टू-इन-वन’ म्हणत, आणि आखाती देशांतून परतणारा नातलग ते घेऊन आला म्हणजे सारी आळी पाहावयास लोटे.

हे चित्र शिकविणारे धडे बहुधा रोमन लिपी गृहीत धरतात. आपण ते देवनागरीत काढू. रोमन अक्षरे खालच्या रेघेवर उभी राहतात. आपली अक्षरे वरच्या रेघेला लोंबतात. मोडी लिहिणारा कारकून तर आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढी आणि मग तिला अक्षरे टांगीत जाई. टू-इन-वनलाही वर एक आडवी मूठ असते, हातात धरावयाची. ती मूठ हीच आपली शिरोरेघ! तिला ‘गाणे’ हा शब्द टांगला की ‘णे’वरची मात्रा मुठीच्या वर डोकावते आणि आपोआप रेडिओची एरियल होऊन बसते.

अक्षरांतून चित्र घडविणे धारला नवे नाही. तेथील भोजशाळा–कमाल मौला वास्तूतील खांबांवर परमारकालीन सर्पबंध कोरलेले आहेत. एका नागाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आहे, तर दुसऱ्यात क्रियापदांचे प्रत्यय. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशीनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ साली या वास्तूतील शिलालेखांकडे विद्वानांचे लक्ष वेधले होते. व्याकरण नागाच्या रूपात मावते, तर गाणे रेडिओच्या रूपात का मावू नये?

आता कृतीकडे वळू. चित्रकलेच्या मोठ्या वहीचे जोडपान, पेन्सिल, पट्टी, खोडरबर, एक बांगडी, बाटलीचे एक झाकण, काळा जाड मार्कर आणि तीन रंग एवढे साहित्य पुरे.

पान आडवे धरून खालच्या भागात २४ सेंटिमीटर लांब व १२ सेंटिमीटर उंच असा आयत हलक्या हाताने आखावा. त्याच्या वरच्या कडेपासून ३ सेंटिमीटर खाली एक आडवी रेघ ओढली की वर स्टेशनांची पट्टी तयार होते. उरलेल्या भागाचे ८-८ सेंटिमीटरांचे तीन उभे भाग करावेत. दोन्ही बाजूंच्या भागांत बांगडी ठेवून वर्तुळे काढावीत आणि त्यांच्या मध्यभागी झाकणाने लहान वर्तुळे. हे झाले ध्वनिक्षेपक. मधल्या भागात ७ बाय साडेचार सेंटिमीटरांची कॅसेटची खिडकी काढावी. खऱ्या कॅसेटचे लांबी-रुंदीचे प्रमाण जवळजवळ हेच असते.

खिडकीत दोन चक्रे काढून प्रत्येकाला आतून सहा दाते द्यावेत. डाव्या चक्राभोवती फितीचा जाड वेढा आणि उजव्याभोवती बारीक, एवढ्याने गाणे नुकतेच सुरू झाल्याचे पाहणाऱ्यास कळते. खिडकीखाली पाच-सहा कळा काढून त्यांतील एक तांबडी ठेवावी. स्टेशनांच्या पट्टीवर ५३० ते १६०० असे आकडे मांडून काटा डाव्या टोकाजवळ, ६४८ वर ठेवावा. माळव्यातील घरांत आकाशवाणीचे इंदूर केंद्र त्याच जागी लागत असे.

आयताच्या ५ सेंटिमीटर वर दीड सेंटिमीटर जाडीची मूठ आडवी काढून दोन्ही टोकांना दोन खांबांनी ती यंत्राला जोडावी. त्या मधल्या मोकळ्या जागेत ‘गाणे’ टांगावयाचे. प्रथम शब्द एकेरी रेघेत लिहावा. मग प्रत्येक रेघेभोवती बोटभर अंतराने कड फिरवावी आणि आतली मूळ रेघ पुसून टाकावी. अक्षरे कढईतील पुरीसारखी टम्म फुगतात. कोपरे गोल ठेवावेत. एक अक्षर दुसऱ्यावर किंचित चढले तरी हरकत नाही, मात्र पुढचे अक्षर आधी पूर्ण करावे. ‘ण’चा शेवटचा दंड उजव्या खांबात मिसळू द्यावा. तेथून वर डावीकडे कललेली मात्रा चांगली लांब ओढून टोकाला गोल बोंड दिले की एरियल झाली.

या शैलीचा खरा प्राण सावलीत आहे. उजेड वरून डावीकडून येतो असे एकदा ठरवावे आणि प्रत्येक आकाराच्या उजव्या व खालच्या कडेला अर्ध्या सेंटिमीटरची सावली द्यावी. एका जरी अक्षराची सावली उलट पडली तरी सारे चित्र सपाट होते. उजेडाच्या बाजूला पांढरी बारीक फट राखावी. अक्षरांत पिवळा, यंत्रात निळा, सावलीत काळा आणि मागे तांबड्या रंगाचा ढग अशी रंगसंगती उठून दिसते. बाहेरची कड सर्वांत शेवटी मार्करने जाड करावी. दोन-तीन ठिकाणी ओघळ काढून त्यांची टोके थेंबासारखी गोल ठेवावीत.

कागदावर हात बसला की मुलांना भिंत खुणावू लागेल. भिंत मात्र घरची असावी, नाहीतर मालकाला विचारलेली असावी. मध्य प्रदेशात संपत्तीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९४ पासून कायदा आहे. पण कायद्याहूनही मोठी गोष्ट धरमपुरीकडून शिकण्याजोगी आहे. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात मध्य प्रदेशातील खेड्यांबरोबर जे एक शहर मोजले गेले, ते धरमपुरी. २०१९ च्या सप्टेंबरात ते धरण प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. आपली भिंत राहील की जाईल हा प्रश्न ज्यांनी वर्षानुवर्षे उशाशी घेतला, त्यांना परक्या भिंतीवर न विचारता ओढलेली रेघ कशी वाटेल, याचा विचार मुलांनी अवश्य करावा. अंगणातल्या भिंतीवर गेरू आणि चुन्याने आरंभ केला तर चूक झाली तरी पुसता येते.

आणखी एक विनंती पालकांना आहे. हे चित्र शक्यतो खरे यंत्र समोर ठेवून काढू द्यावे. माळ्यावर एखादा टू-इन-वन अजून पडून असेल; त्याच्या शेजारच्या डब्यात चार कॅसेटीही असतील. आतला रबरी पट्टा बहुधा चिकट होऊन गळाला असेल, पण फितीवर आजीच्या ओव्या, आजोबांनी म्हटलेली आरती, लग्नघरातला गलका असे काही अजून शाबूत असू शकते. माळवीचा हेल मिसळलेली ती आपल्या घरची मराठी कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाही. फीत जुनी होते, तिचा लेप सुटतो, आवाज विरत जातो. यंत्र भंगारात देण्यापूर्वी कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकावेत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. सैल पडलेली फीत पेन्सिलीने हळूच गुंडाळावी आणि चालू अवस्थेतील एखाद्या यंत्राच्या हेडफोनच्या खोबणीतून तार जोडून तो आवाज संगणकात उतरवून घ्यावा.

चित्र काढणारे मूल वस्तूकडे बारकाईने पाहते आणि पाहिले की विचारते. “ही तांबडी कळ कशाची?” असे त्याने विचारले तर सांगावे की ती आवाज भरण्याची कळ, चित्रात ती खुशाल लालभडक रंगव, पण आजीची कॅसेट आत असेल तेव्हा तिला हात लावू नकोस.