छोट्या खोलीतला स्टिरिओ : मांडणी आणि वापर

घरातल्या उपकरणांपैकी आज आपण छोट्या स्टिरिओ सिस्टीमबद्दल बोलणार आहोत. छोटी म्हणजे कशी? मधे एक यंत्र. त्यात सीडी, एफएम रेडिओ, ब्लूटूथ, यूएसबी, आणि सोबत वायरने जोडायचे दोन सुटे स्पीकर. बऱ्याच घरांत ती असते आणि बऱ्याच घरांत तिच्याबद्दल एकच तक्रार असते : "आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत." आजोबा म्हणतात, मोठा करा. नातू म्हणतो, कान किटले, बारीक करा. शेवटी कुणीतरी म्हणतं, ही सिस्टीमच टाकाऊ आहे, मोठी आणू या.

आमचं म्हणणं असं, की मोठी आणायच्या आधी थोडं थांबावं. आवाज मोठा असणं आणि आवाज स्पष्ट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठा आवाज बटणाने मिळतो. स्पष्ट आवाज मात्र स्पीकर कुठे ठेवलेत आणि आपण कुठे बसलोय यावर अवलंबून असतो. त्याला पैसे लागत नाहीत. फक्त फर्निचर हलवावं लागतं, आणि घरात तेच जास्त कठीण असतं. (हशा)

दोन स्पीकर कशासाठी?

उजवीकडून कुणी हाक मारली, तर ती उजव्या कानाला आधी आणि जरा मोठी ऐकू येते. हा वेळेचा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो. म्हणजे एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातला एकसुद्धा पुरा नाही. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. ईएमआय कंपनीतले इंग्रज अभियंते अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो दोन कानांच्या याच कामाचा विचार करून. स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला मात्र १९५८ साल उजाडलं.

आता गंमत बघा. दोन्ही स्पीकरमधून सारखाच आवाज एकाच वेळी आपल्यापर्यंत पोचला, तर तो दोघांच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून येतोय असं वाटतं. गायक मधे बसतो. तबला एका बाजूला, हार्मोनियम दुसऱ्या बाजूला. सगळी बैठक डोळ्यांसमोर मांडली जाते. पण आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. त्यामुळे एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर जवळ असला, की त्याचा आवाज एक मिलिसेकंद आधी पोचतो, आणि गायक मधून उठून त्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. एक स्पीकर शोकेसमध्ये आणि दुसरा फ्रिजवर असला, तर स्टिरिओ उरतच नाही.

शब्द हरवतात कुठे?

आपल्या बोलण्यात अ, आ, ओ हे स्वर जोरकस असतात. त्यांची बरीचशी ताकद खालच्या पट्टीत असते. क, त, स, श ही व्यंजनं नाजूक. त्यांना ओळख देणारा भाग बहुतेक २००० हर्ट्झच्या वर असतो. शब्द कळतो तो या व्यंजनांमुळे. वय वाढलं, की ऐकणं आधी याच वरच्या पट्टीत कमी होतं. म्हणजे आजोबांची तक्रार अगदी खरी आहे. गाणं ऐकू येतं, शब्द येत नाहीत.

त्यात आपली खोली भर घालते. १० बाय १२ ची खोली, खाली फरशी, चारी बाजूंना गुळगुळीत प्लॅस्टर. स्पीकरचा आवाज कानावर थेट येतोच, पण भिंती, छत आणि फरशीवर आपटूनही येतो. आपटून आलेला आवाज जरा उशिरा येतो आणि व्यंजनांवर सारवण घालतो. आपण बटण फिरवून आवाज वाढवला, तर थेट आवाज वाढतो आणि आपटलेलाही तेवढाच वाढतो. सारवण तसंच राहतं, फक्त मोठं होतं.

यावर उपाय म्हणजे जवळ बसणं. स्पीकरपासूनचं अंतर निम्मं केलं, की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीत घुमणारा आवाज मात्र जवळपास होता तेवढाच राहतो. आता हेच ६ डेसिबल यंत्राकडून मिळवायचे, तर ताकद चौपट लागते. २५ वॉटच्या जागी १०० वॉट. तीन मीटरवरची खुर्ची दीड मीटरवर आणली, तर तेच काम फुकटात होतं, आणि शब्द कळतात ते वेगळंच.

वॉटचा विषय निघालाच आहे, तर एक सांगतो. खोक्यावर "पीएमपीओ" असं लिहून हजारांत आकडे छापायची पद्धत आपल्या बाजारात बरीच वर्षं चालली. तो आकडा सोडून द्या. "आरएमएस" असं लिहिलेला आकडा बघा. छोट्या खोलीला खऱ्या अर्थाने २०-२५ वॉट भरपूर होतात.

वायर जोडताना

आधी प्लग काढायचा. मग वायरीचं टोक साधारण एक सेंटिमीटर सोलून तारा पिळून घ्यायच्या. यंत्राचा लाल स्पीकरच्या लालला, काळा काळ्याला. एकही सुटी तार शेजारच्या टोकाला शिवता कामा नये. शिवली, तर अँप्लिफायर जळू शकतो. महागडी वायर लागत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातली १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर तीन मीटरपर्यंत अगदी पुरते.

स्पीकर बदलणार असाल, तर यंत्रामागे लिहिलेले ओम बघा. "६ ओम" लिहिलं असेल, तर ६ किंवा त्याहून जास्तीचा स्पीकर चालतो, ४ चा नको. आणि एकाच जागी दोन-दोन स्पीकर जोडायचा मोह टाळा. ८ ओमचे दोन एकत्र जोडले, की यंत्राला ते ४ ओमचे दिसतात. ते तापतं आणि एक दिवस बंद पडतं.

जोडणी झाली, की परीक्षा. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून आलेलं जुनं नाट्यसंगीत लावा, बालगंधर्वांचं म्हणा. त्या काळचं ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. समोर मधोमध बसून ऐका. गाणं दोन स्पीकरच्या बरोबर मधून, एका ठिकाणाहून आलं पाहिजे. ते सगळीकडे पसरलेलं, डोक्याभोवती फिरल्यासारखं आणि खालच्या पट्टीत पोकळ वाटलं, तर एका स्पीकरचा लाल-काळा उलटा लागलाय. तेवढा सुलटा करा.

जागा ठरवताना

दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण करायचा. छोट्या खोलीत प्रत्येक बाजू ५ ते ६ फूट ठेवावी. स्पीकरची तोंडं थोडी आपल्याकडे वळवा. त्यातला जो लहान गोल असतो, ट्वीटर, तो कानाच्या उंचीवर हवा. कारण वरच्या पट्टीचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. खुर्चीवर बसणाऱ्याचे कान जमिनीपासून तीन ते साडेतीन फुटांवर येतात. भारतीय बैठक असेल, तर अडीच फुटांच्या आसपास. कपाटावर ठेवलेला स्पीकर आपली व्यंजनं समोरच्या भिंतीला ऐकवतो.

कोपरा टाळा. भिंत जवळ असली की खालची पट्टी फुगते, कोपऱ्यात तर दोन भिंती आणि जमीन मिळून आणखी फुगवतात. मागच्या भिंतीपासून २० ते ३० सेंटिमीटरने सुरुवात करा आणि ऐकत ऐकत पुढे-मागे सरकवा. शोकेसमध्येच ठेवावा लागला, तर फळीच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढा.

खोलीचीही एक स्वतःची पट्टी असते. १२ फूट लांबीची खोली ४७ हर्ट्झच्या आसपास आणि १० फूट रुंदी ५७ च्या आसपास घुमते. पुढे त्यांच्या दुपटीला, ९४ आणि ११३ ला, पुन्हा घुमते. डग्ग्याचा एखादाच ठोका अंगावर येतो आणि बाकीचे बसके वाटतात, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. तबलजीचा दोष नाही, खोली त्याला नको तिथे साथ देते. ही घुम भिंतीला टेकून बसलं की सर्वांत जास्त जाणवते. डोकं भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे आणलं, तरी फरक पडतो.

मग टाळी वाजवून बघा. टाळीमागे झणझण असा आवाज राहिला, तर खोली उघडी आहे. स्पीकर आणि आपल्यामध्ये सतरंजी टाका. बाजूच्या भिंतीसाठी एक सोपी युक्ती आहे. आपण जागेवर बसायचं आणि घरातल्या कुणीतरी भिंतीला लावून आरसा सरकवत न्यायचा. जिथे आरशात स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज आपटून येतो. तेवढ्या भागावर जाड पडदा सोडा, पुस्तकांचं कपाट ठेवा, नाहीतर आजीची गोधडी टांगा. सगळी खोली मऊ करायची गरज नाही.

बटणं

सुरुवातीला बास आणि ट्रेबल दोन्ही शून्यावर. "रॉक", "पॉप" वगैरे तयार प्रकार बंद. मोबाईल ब्लूटूथने जोडला असेल, तर मोबाईलचा आवाज जवळपास पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त सिस्टीमवर करा. "लाउडनेस" नावाचं बटण असेल, तर त्याचं काम समजून घ्या. आवाज बारीक असला, की आपल्या कानाला खालची पट्टी प्रमाणाबाहेर कमी ऐकू येते. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. हे बटण ती उणीव भरून काढतं. म्हणून रात्री बारीक आवाजात ते चालू, मोठ्या आवाजात बंद. आणि आजोबा बातम्या ऐकत असतील तेव्हा बास थोडा उतरवा, ट्रेबल थोडा चढवा. आवाज न वाढवताही शब्द वर येतात.

श्रोत्यांचे प्रश्न

*मुलाने अमेरिकेतून सिस्टीम पाठवली आहे. पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर लावला तर चालेल का?*

आधी यंत्रामागची पट्टी वाचा. "१००-२४० व्होल्ट" असं असेल, तर चालेल. नुसतं "१२० व्होल्ट" असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर ते बहुधा लगेच जळेल. पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज कमी करत नाही. त्यासाठी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि यंत्रावर जेवढे वॉट लिहिलेत त्याहून तो मोठा हवा. जपानी बाजारातलं यंत्र असेल, तर तिथे १०० व्होल्ट असतात, हेही लक्षात ठेवा.

*रेकॉर्ड प्लेअर ऑक्समध्ये लावला, तर आवाज अगदी क्षीण येतो.*

चुंबकाच्या कार्ट्रिजमधून येणारा संकेत साधारण ५ मिलिव्होल्ट असतो. सीडी प्लेअरचा २ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे चारशे पट. शिवाय तबकडीवर खालची पट्टी मुद्दाम कमी करून कोरलेली असते, ती परत वाढवावी लागते. ही दोन्ही कामं फोनो प्रीअँप करतो. तो मधे जोडा. प्लेअरची अर्थची बारीक वायर त्याला लावायला विसरू नका, नाहीतर गुणगुण येत राहील.

*पहाटे अभंग लावतो, तर खालचे शेजारी तक्रार करतात.*

खालच्या पट्टीचा आवाज स्लॅबमधूनही जातो. तो कमी करा, आणि स्पीकरखाली रबराचे किंवा जाड फोमचे तुकडे ठेवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र धरली आहे ती १० ते सकाळी ६. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. पण नियमापेक्षा सोपं म्हणजे स्पीकर जवळ घेऊन बसणं. दीड मीटरवर नीट मांडलेली सिस्टीम बारीक आवाजातही अभंगाचा शब्द न् शब्द देते. मग शेजारी झोपलेले राहतात आणि आपलं ऐकणंही सुटत नाही.

वेळ संपत आली आहे. क्रम तेवढा लक्षात ठेवा : आधी लाल-काळा तपासा, मग त्रिकोण, मग कानाची उंची, मग सतरंजी. एवढं सगळं करूनही शब्द कळले नाहीत, तर कानांची तपासणी करून घ्या, आणि मगच नव्या सिस्टीमचा विचार करा.