वेशीवरचा मध्यस्थ

बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ही १९८६ साली हाती घेण्यात आलेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक संगणक-जाळ्यातील आरंभीच्या संस्थांपैकी एक होय. सर्वसामान्य नागरिकांना इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. परंतु त्यानंतरही देशाबाहेर जाणारी वाहिनी अरुंद व खर्चिकच राहिली. एकच पान दहा जणांनी मागितले, तर ते दहा वेळा समुद्रापलीकडून का आणावे? या विवंचनेतून शैक्षणिक आवारांच्या वेशीवर एक मध्यस्थ संगणक बसविण्याची रीत रूढ झाली. त्यालाच ‘प्रॉक्सी सर्व्हर’ म्हणतात. १९९६ साली आलेली ‘स्क्विड’ ही विनामूल्य आज्ञावली या कामी विशेष प्रचलित झाली.

विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली आज्ञावली मात्र या वेशीवर हमखास अडते. ब्राउझरला मध्यस्थाचा पत्ता ठाऊक असतो. आज्ञावलीला तो कोणी सांगितलेलाच नसतो. ती थेट बाहेर जाऊ पाहते आणि बराच वेळ तिष्ठून रिकाम्या हाताने परतते. वस्तुतः फरक लहानसाच आहे. थेट मागणीच्या पहिल्या ओळीत केवळ पानाचा मार्ग दिला तरी चालतो. मध्यस्थामार्फत जाताना जोडणी त्याच्याशी, म्हणजे स्क्विडच्या बाबतीत बहुधा ३१२८ क्रमांकाच्या द्वाराशी करावयाची, आणि पहिल्या ओळीत संस्थळाच्या नावासह संपूर्ण पत्ता लिहावयाचा. संग्रही ताजी प्रत असल्यास मध्यस्थ तीच देतो, नसल्यास स्वतः आणतो. उत्तरादाखल ४०७ हा अंक आला, तर मध्यस्थ ओळख मागत आहे असे समजावे.

साध्या मागणीतील प्रत्येक अक्षर, गुप्त शब्दासकट, मध्यस्थाला वाचता येते. सांकेतिक लिपीतील व्यवहारासाठी म्हणूनच ‘कनेक्ट’ ही निराळी आज्ञा आहे. तिच्यायोगे मध्यस्थ केवळ वाट मोकळी करून देतो; कोणाकडे जावयाचे एवढेच त्याला कळते, आतला मजकूर नव्हे. अर्थात, जे वाचता येत नाही त्याची प्रत राखून ती दुसऱ्याला देणेही त्याला शक्य नसते.

मध्यस्थाचा पत्ता व परवलीचा शब्द आज्ञावलीतच लिहून ठेवण्याची सवय घातक होय. विद्यार्थी सुटीत घरी गेला की ती आज्ञावली बंद पडते, आणि मित्राला दिली की परवलीचा शब्दही तिच्यासोबत जातो. त्याऐवजी पत्ता संगणकाच्या ‘एचटीटीपी प्रॉक्सी’ या परिवेश-चलात ठेवावा. पायथनसारख्या भाषांतील तयार साधने तो आपण होऊन वाचतात. आवारातील संगणकांची नावे ‘नो प्रॉक्सी’ या चलात नोंदवावीत, म्हणजे शेजारच्या खोलीतील संगणकासाठी वेशीपर्यंत हेलपाटा पडत नाही.