चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा अंगरखा

पावसाळा सरला, की भोपाळच्या जुन्या शहरात ओलीच्या तक्रारी सुरू होतात. चौकबाजारापासून इब्राहिमपुऱ्यापर्यंत कोणत्याही गल्लीत शिरा. कमरेइतक्या उंचीपर्यंत गिलाव्याचे पोपडे निघालेले आणि पांढरा लोणा फुटलेला दिसेल. घरमालक हमखास सांगतो, "दोन वर्षांपूर्वीच तर सिमेंटचा पक्का गिलावा करून घेतला!" माझ्या मते दुखण्याचे मूळ त्या 'पक्का' या शब्दातच आहे.

ही घरे बेगमांच्या अमदानीतल्या रीतीची; दगड, विटा आणि चुना यांची. कुदसिया बेगमने तलावाकाठी गोहर महाल बांधला तो १८२० साली. पोर्टलंड सिमेंट तेव्हा जन्मालाही आले नव्हते. जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने त्याचे पेटंट घेतले ते १८२४ मध्ये, आणि आपल्या बाजूला कटनी-कैमूरचे सिमेंट येऊ लागले ते विसाव्या शतकात.

चुन्याची भिंत श्वास घेते, असे जुने कारागीर म्हणतात. ही नुसती कविकल्पना नव्हे. या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतले पाणी भिंतीत चढते आणि चुन्याच्या बारीक छिद्रांतून हवेत उडून जाते. वर घट्ट सिमेंट थापले, की ती वाट बंद होते. मग पाणी आणखी वर चढते, सोबत आणलेले क्षार गिलाव्यामागे स्फटिक होऊन फुगतात आणि शेवटी अख्खा पापुद्रा ढकलून देतात. शिवाय चुना नरम असतो. घर जरा हलले तर तो बारीक तडकतो, आणि पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना त्याच भेगेत पुन्हा बसतो. सिमेंटला हे औदार्य नाही!

माझ्या एका स्नेह्याच्या वडिलोपार्जित घरात गेल्या वर्षी याच प्रश्नावरून बापलेकांत अबोला झाला. मुलाला आठ दिवसांत काम उरकायचे होते. बापाने शोधून आणलेला म्हातारा मिस्त्री म्हणाला, "को खाँ, पहले दीवार को सूखने तो दो." त्याने सिमेंट खरवडून काढले, भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली, मग चुना, विटांची सुरखी, गुळाचे पाणी आणि बेलफळाचा गर कालवून थरावर थर चढवले. गुळाचे नाव ऐकून मुलगा हसला. मीही मनात थोडा हसलो. पण या चिकट पदार्थांनी चुना कामाला मऊ होतो आणि पकडही धरतो, हे आता शास्त्रज्ञही सांगतात.

याचा अर्थ सिमेंट वाईट, असा कोणी घेऊ नये. १९५६ मध्ये राजधानी भोपाळला आली आणि नागपूरहून आमच्यासारखी कित्येक मराठी घरे इकडे सरकली. वडिलांनी पुढे अरेरा कॉलनीत घर बांधले ते काँक्रीटचेच. अशा घराला सिमेंटचेच औषध हवे, मात्र पथ्यासह. छताचा तुकडा पडून सळई दिसू लागली, की आमच्याकडे वरवर लिंपून रंग मारण्याची चाल आहे. आत गंज तसाच राहतो. गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते आणि नवे लिंपणही फोडते. सैल भाग ठोकून काढावा, सळई घासून लख्ख करावी, गंजरोधक लेप द्यावा आणि मगच भरावे. वाळू नर्मदेची म्हणून डोळे मिटून घेऊ नये. मुठीत चोळून पाहावी, हाताला गाळ लागला तर धुवून घ्यावी.

आणि पाणी! सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग पावून होते, हे कंत्राटदाराला कोण समजावणार? हल्ली बाजारात बहुतेक मिळते ते राख मिसळलेले सिमेंट. त्याला निदान दहा दिवस ओल हवी. इथे तिसऱ्या दिवशी नळी गुंडाळली जाते.

स्नेह्याच्या घरी दोन खोल्या झाल्या. मुलाने दुसऱ्या खोलीत स्वतः चुना मळला, असे कळले. अडचण आहे ती मिस्त्रीची. त्याचा नातू इमारतींवर टाइल बसवतो, आणि तिसऱ्या खोलीचा चुना अंगणातल्या हौदात भिजत पडला आहे.