जुनी पेटी घेताय? आधी भाता बघा!

मैत्रिणींनो, श्रावण जवळ आला की मंठ्यात काय नि परतूर-जिंतूरला काय, महिला भजनी मंडळांची लगबग सुरू होते. समर्थ रामदासांचं जांब ज्या जिल्ह्यात, तिथं भजनाचं वेगळं काय सांगायचं! टाळ घरोघरी असतात. अडतं ते पेटी आणि माईकपाशी. नवी घ्यायची तर बचत गटाची शिल्लक जाते. मग कुणीतरी सांगतं, "एक जुनी आहे, स्वस्तात मिळेल." घरातलं कुणीतरी जातं, वरचं पॉलिश बघतं, दोन पट्ट्या दाबतं आणि पेटी घेऊन येतं. पैसे आपले, गाणार आपण, आणि पारख मात्र दुसऱ्याची! खरं तर पेटी पारखायला गाण्याची परीक्षा द्यावी लागत नाही. कान जागे असले की पंधरा मिनिटं पुरतात.

आधी हवा

पेटीचा जीव भात्यात. पुढच्या ओढायच्या सगळ्या खुंट्या बंद करा आणि भाता मारत राहा. थोड्या वेळात तो हाताला जड लागला पाहिजे. हलकाच चालत राहिला, तर हवा कुठून तरी निसटतेय. भात्याच्या घड्यांना कान लावा, फुसफुस ऐकू येते. आता खुंट्या ओढा, पण पट्टी दाबू नका. तरीही एखादा सूर आपोआप वाजला, तर त्या पट्टीची स्प्रिंग सैल झालेली असते किंवा खालचं कातडं झिजलेलं असतं. स्प्रिंग, कातडं, भात्याचं कापड बदलणं हे कारागिराचं नेहमीचं काम आहे. त्याला घाबरायचं कारण नाही. मात्र आतल्या लाकडी फळीला चीर गेली असेल तर विचार करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड असं तडकतं की त्याची दुरुस्ती पुरून उरते.

मग सूर

पट्टीच्या खाली आत पितळेची बारीक जीभ असते. हवा गेली की ती थरथरते आणि आवाज निघतो. तिलाच कारागीर 'सूर' म्हणतात. गुजरातेतलं पालिताणा या सुरांसाठी प्रसिद्ध आहे. जुन्या पेट्यांत कधी जर्मन किंवा पॅरिसचे सूरही सापडतात. तशी पेटी बाहेरून कितीही कळकट दिसली तरी लगेच नाही म्हणू नका.

डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी हळू भात्यावर वाजवा. जोरात भाता मारला की बिघडलेला सूरही बोलतो, हळू मारला की खोड उघडी पडते. पेटी 'खर्ज-नर' असेल, म्हणजे एका पट्टीला जाड आणि मधला असे दोन सूर असतील, तर खुंट्या बदलून दोन्ही वेगवेगळे ऐका. मग एका सप्तकाचा सा आणि वरचा सा एकत्र दाबा. आवाज सरळ आला तर ठीक. त्यात लाटा आल्यासारखं 'वाँव वाँव' झालं तर सूर मिळवून घ्यावे लागतील. हल्ली मोबाईलवर तानपुरा वाजतो, तो लावून पडताळा.

गाताना आवाज थोडा सरकवता येतो, पेटीचा सूर सरकत नाही. मींड निघत नाही म्हणून तर आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती. त्यामुळे कारागीर सूर जसे लावून देईल, तसंच सगळं मंडळ गाणार. जिभेच्या टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. दरवेळी थोडं पितळ जातंच, म्हणून घरी ब्लेड चालवू नका. एखादा सूर मुकाच असेल, तर मात्र बऱ्याचदा जिभेखाली कचरा अडकलेला असतो. पातळ कागदाची पट्टी हलक्या हाताने फिरवली की तो बोलू लागतो.

आणखी एक. बायकांचा आवाज साधारण काळी चार, काळी पाचच्या आसपास बसतो. पुरुषांच्या काळी एकमध्ये गायला गेलं की खालचे सूर दबतात नि आवाज घशातच राहतो. घेतानाच आपल्या पट्टीत सा धरून एक अभंग म्हणून बघा. नुसती पट्टी बदलायला महागडी स्केल-चेंजर पेटी लागतेच असं नाही. वाजवणारीने आपल्या पट्टीत बोटं बसवली की झालं. स्केल-चेंजर वजनाला जड, आणि बिघडली तर दुरुस्तीही जास्त.

अ‍ॅम्प्लिफायरचं काय?

गावाकडे अ‍ॅम्प्लिफायर म्हटलं की आहुजाचं नाव निघतं. पण नावाच्या पाटीवर भुलू नका, जुन्या डब्यात आतला माल बदललेला असू शकतो. माईक न लावता चालू करा. आवाजाचं बटण फिरवताना खरखर आली तर बहुधा धूळ, ती साफ होते. आवाज अगदी कमी ठेवूनही 'घूं' असा घोष येत राहिला, तर कपॅसिटर थकलेले असतात, तेही बदलता येतात. मागच्या बाजूला ओहमचा आकडा असतो. तिथं चार लिहिलं असेल, तर आठ ओहमचे दोनच स्पीकर समांतर जोडता येतात. तिसरा जोडला की मशीनवर ताण येतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं मशीन मिळालं तर उत्तम, ऐन हरिपाठात लाईट गेली तरी खोळंबा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. माईकला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर 'इतकं चालतं' म्हणून सोडू नका. तीन पिनांची वायर आणि घराचं अर्थिंग आधी दुरुस्त करून घ्या. मशीन स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही आत काही वेळ वीज साठून राहते. 'कुई' अशी शिट्टी येते तो मात्र बिघाड नाही. माईक स्पीकरच्या मागे घ्या, ती थांबते. आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा २००० सालापासूनचा नियम विसरू नका.

खर्चाचा क्रम

पैसे थोडे असतील तर आधी हवा थांबवा, मग सूर मिळवा, नंतर माईक बघा. पॉलिश सगळ्यात शेवटी. पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका, जमिनीवर तर नकोच. कातड्याला उंदीर नि आतल्या कापडाला कसर लागते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी वाजवा. दुरुस्तीला दिली की काय काय बदललं ते मंडळाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी कारागिराशी बोलताना ती वहीच कामाला येते. आणि पेटी बघायला जाताना मंडळातल्या दोघी-तिघी तरी सोबत जा. एकीने भाता मारावा, दुसरीने ऐकावं, तिसरीने भाव करावा!