‘अलिबाग से आया है क्या?’ : एका समजाचा मागोवा

‘अलिबाग से आया है क्या?’ हा प्रश्न मुंबईच्या बोलण्यात, हिंदी चित्रपटांच्या संवादांत आणि विनोदी कार्यक्रमांत समोरच्याला अडाणी ठरवण्यासाठी इतका सर्रास वापरला गेला, की त्यावर बंदी यावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. विनोद प्रत्येकच समाजावर होतात, तो अपमान मानू नये, अशा आशयाचे मत देऊन न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये ती फेटाळली. ते योग्यच झाले, कारण बंदीने समज पुसले जात नाहीत. परंतु अलिबागच्या किनाऱ्याचा गेल्या शतकातील इतिहास पाहिला, तर सहज फेकलेला हा शेरा किती अन्यायाचा आहे ते कळते.

अलिबाग तालुक्यातील चरी येथे 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांनी, खोतांविरुद्ध संप पुकारला. खोत हा मुळात गावाचा सारा वसूल करून सरकारजमा करणारा मध्यस्थ. प्रत्यक्षात मात्र तोच धनी होऊन बसला होता आणि पिकाचा मोठा वाटा त्याच्याच घरी जात होता. संपकऱ्यांनी भाताची खाचरे सुमारे सहा वर्षे पडीक ठेवली, जंगलातील लाकूडफाटा विकून दिवस काढले आणि उपासमारीतही माघार घेतली नाही. हाती आलेले पीक सोडण्यापेक्षा पेरणीच न करण्याचा हा निर्णय पूर्ण विचारांती घेतलेला राजकीय निर्णय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1934 मध्ये चरीला येऊन गेले आणि 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी अलिबागेत ‘कृषीवल’ हे पत्र निघाले आणि ज्यांच्याविषयी इतरच लिहीत आले होते, त्या शेतकऱ्यांना स्वतःचे व्यासपीठ मिळाले. 1939 मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला, तर खोती रद्द करणारा कायदा 1949 मध्ये आला.

विज्ञानाच्या क्षेत्रातही अलिबाग मागे नव्हते. मुंबईत येणाऱ्या विजेच्या ट्रामगाड्यांमुळे नोंदी बिघडू नयेत म्हणून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद घेणारी कुलाब्याची वेधशाळा 1904 मध्ये अलिबागेत आणली गेली; तिच्या बांधकामात लोखंड टाळून पोरबंदरी दगड, तांबे व पितळ वापरले गेले.

चित्रपट आणि मालिकांसाठी लिहिणाऱ्यांनी यापुढे अलिबागकर पात्र रंगवण्यापूर्वी चरीच्या संपाची माहिती अवश्य करून घ्यावी.