जर्बिलच्या नाकावरचा लाल डाग

भिवंडीच्या पावसाळ्यात पाळलेल्या जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या नाकाभोवती लाल डाग दिसला, की घरातले रक्त समजून घाबरतात. बहुतेकदा ते रक्त नसते. डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचे लालसर द्रव्य झिरपते; निरोगी जर्बिल ते अंग चाटताना पुसून टाकतो. ताण, दमटपणा किंवा पिंजऱ्याच्या गजांवर नाक घासण्याची सवय यांमुळे ते साचते, कातडी चुरचुरते, केस गळतात. मग स्टॅफिलोकोकस जंतू शिरले, की जखम चिघळते.

हा प्राणी मूळचा मंगोलियाच्या कोरड्या गवताळ प्रदेशातला. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांवर गेली, की त्याची लव चिकट होते. कोकणपट्टीतला पावसाळा तर त्याच्या कितीतरी पुढे जातो.

म्हणून पिंजऱ्यात चिनचिलासाठी मिळणारी कोरडी वाळू ठेवावी. तीत लोळून तो स्वतःच लव साफ करतो. देवदार-पाइनचा भुसा नको, त्यातले उग्र तेल नाकाला झोंबते. यंत्रमागाचे टाकाऊ सूत भिवंडीत सहज मिळते, पण अंथरूण म्हणून ते घातकच: धागा पायाला आवळून रक्तपुरवठा तोडतो.

जखम ओली असेल तर पशुवैद्यच गाठावा. घरातले प्रतिजैविक मुळीच देऊ नये. स्ट्रेप्टोमायसिनने जर्बिल दगावू शकतो.