धावा, पण दमाने!

आपल्या मराठी भाषेला धावणाऱ्याचे दुःख फार पूर्वीपासून ठाऊक असावे. नाहीतर ‘दम’ या एका शब्दाभोवती तिने एवढा संसार कशाला थाटला असता? जिना चढताना आपल्याला दम लागतो. मग कठड्याला टेकून आपण दम खातो. घाई करणाऱ्याला दम धरायला सांगतो आणि चिरंजीव ऐकत नसतील तर त्यांना दम भरतो. पण या कुटुंबातला सर्वांत शहाणा शब्द मला भेटला तो वयाच्या ५२ व्या वर्षी, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. तो शब्द म्हणजे ‘दमाने’.

गेल्या वर्षीच्या दिवाळीतली गोष्ट. चकल्या-अनारशांची कृपा अशी झाली की पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले. पाडव्याच्या मुहूर्तावर मी नवे बूट चढवून मैदानावर हजर झालो. पार्काचा फेरा एक किलोमीटरहून थोडा अधिक. त्यातला पाव भाग मोठ्या ऐटीत पार पडला. पुढे छातीचा भाता झाला, घशाला कोरड पडली आणि उजव्या कुशीत अशी कळ आली की मी कट्टा गाठून मटकन बसलो.

शेजारी एक वयस्क गृहस्थ बसले होते. उभा जन्म शाळेत व्यायाम शिकवण्यात गेलेले हे निवृत्त मास्तर. त्यांनी शांतपणे विचारले, “काय हो, कुणी मागे लागलं होतं का?”

मी मानेनेच नाही म्हटले. तोंडाने बोलण्याची सोय उरली नव्हती.

“मग पळता कशाला? धावा की! पण दमाने. आणि श्वास घ्यायची एवढी घाई करू नका. आधी सोडायला शिका.”

छातीतला जमाखर्च

माझी समजूत अशी की धावताना अंगातला प्राणवायू संपतो, म्हणून दम लागतो. ही समजूत बहुतेकांची असते, आणि ती बरीचशी चुकीची आहे. आपण घेतो त्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. श्वास सोडतो त्या हवेतही तो १६ टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतोच. श्वासाची निकड मेंदूला प्रामुख्याने जाणवते ती रक्तात साचणाऱ्या कर्बवायूमुळे, म्हणजे मुलांच्या पुस्तकातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. घरातला केर बाहेर काढायचा असताना आपण दारातून नवे सामान आत कोंबत राहिलो, तर जी तारांबळ उडेल तीच धापा टाकणाऱ्याची उडते.

आता थोडे गणित. स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर, म्हणजे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिका यांतच राहते. फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत, जिथे खरी देवघेव चालते तिथे, ती पोहोचतच नाही. सकाळी नळ सोडला की आधी नळीतले शिळे पाणी येते, तसाच हा प्रकार.

समजा, मिनिटाला १२ श्वास संथपणे घेतले. एकूण हवा ६ लिटर, त्यातली उपयोगी ४.२ लिटर. आता तेवढीच ६ लिटर हवा २४ उथळ श्वासांत, दर श्वासाला २५० मिलिलिटर अशी घ्या. प्रत्येक वेळी १५० वाया जाणारच! मग उपयोगी उरते फक्त २.४ लिटर. मेहनत दुप्पट आणि मिळकत जवळजवळ निम्मी. असला व्यवहार कोणता गृहस्थ करील? पण धाप लागलेला माणूस नेमका हाच करीत असतो. जोरात धावताना तर मिनिटाला १०० लिटरपर्यंतही हवा लागू शकते. तिथे ही उधळपट्टी परवडत नाही.

मास्तरांचे धडे

मास्तरांनी पहिला धडा दिला तो सतरंजीवर. उताणे पडायचे, पोटावर एखादे पुस्तक ठेवायचे आणि नाकाने श्वास घ्यायचा. पुस्तक वर आले पाहिजे; छाती आणि खांदे शांत राहिले पाहिजेत. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायू आहे. त्याला श्वासपटल म्हणतात. तो खाली सरकला की फुप्फुसे पसरतात आणि पोट पुढे येते. मी पोटावर पंचांग ठेवून रोज पाच मिनिटे हा अभ्यास केला. घरात पुष्कळ हसू झाले, पण आठवड्याभरात पंचांग वेळेवर उठू-बसू लागले.

दुसरा धडा तालाचा. सावकाश धावताना तीन पावलांत श्वास घ्या, तीन पावलांत सोडा. वेग वाढला की दोन आणि दोन. काही प्रशिक्षक तीन पावलांत घ्या आणि दोनांत सोडा असे सांगतात. त्यामुळे श्वास सोडण्याची सुरुवात आलटून पालटून डाव्या-उजव्या पावलावर होते आणि एकाच बाजूला ताण पडत नाही, असा त्यांचा दावा. त्याने दुखापती टळतात हे काही सिद्ध झालेले नाही, पण ताल जमला तर धावणे सोपे वाटते हे खरे. या तालाला निसर्गाचाही आधार आहे. ब्रॅम्बल आणि कॅरियर या दोन अमेरिकन संशोधकांचा एक अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. चौखूर उधळलेल्या घोड्याला प्रत्येक झेपेला एक श्वास असा ठरलेला हिशेब पाळावा लागतो. माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि त्या बंधनातून सुटला. तो अनेक ताल धरू शकतो. पण त्याचा आवडता ताल चार पावलांना एक श्वास, म्हणजे आपला तो दोन आणि दोन, असा आढळला.

नाक की तोंड, हा वाद घरोघरी चालतो. नाक हवा गाळते, उबदार आणि ओलसर करते. म्हणून संथ धावण्याला नाकच उत्तम. पण मिनिटाला साधारण ३५-४० लिटरच्या पुढे हवा लागली की बहुतेकांचे तोंड आपोआप उघडते. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

कुशीतल्या कळेचे नक्की कारण शास्त्रज्ञांनाही अजून निर्विवादपणे सापडलेले नाही. मात्र भरल्या पोटी धावणे आणि आधी गोड पेये पिणे यांनी ती वाढते. कळ आली की वेग कमी करावा, हाताने जागा दाबावी, थोडे पुढे वाकावे आणि लांब श्वास सोडावा.

“मग प्राणायाम?” असे विचाराल. लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि योगातल्या श्वासाची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. मन शांत करायला, श्वासाकडे लक्ष द्यायला प्राणायाम उपयोगी आहेच. पण तो आसनावर बसून. धावताना श्वास कोंडण्याचे धाडस करू नये.

सर्वांत महत्त्वाचा धडा मात्र बोलण्याचा. धावता धावता एक पुरते वाक्य बोलता आले तर वेग बरोबर. शब्द तुटू लागले तर वेग जास्त. नवशिक्याने बहुतेक दिवस बोलता येईल इतकेच धावावे. महिन्याभराने माझा अख्खा फेरा न थांबता पुरा झाला. मास्तर म्हणाले, “श्वास हा निरोप्या आहे. त्याला गप्प बसवू नका, निरोप ऐका.” मी मान डोलावली. निरोप कळायला मात्र आणखी दोन महिने लागले.

साखळीची पहिली कडी

१९५२ साली हेलसिंकीच्या ज्या ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, त्याच ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ५ हजार मीटर, १० हजार मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती आठ दिवसांत जिंकल्या. मॅरेथॉन तर तो आयुष्यात प्रथमच धावत होता! त्याचे धावणे पाहाल तर वाकडे तोंड, लटपटणारी मान आणि मोठ्याने घरघरणारा श्वास. म्हणजे नुसत्या श्वासाच्या सुबकतेवर शर्यती ठरत नाहीत.

इंग्लंडचा रॉजर बॅनिस्टर तर वैद्यकाचा विद्यार्थी. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला त्याने मैलाचे अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत तोडले. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला. त्याच सुमारास तो फिरत्या पट्ट्यावर माणसे धाववून त्यांच्या श्वासाचा अभ्यास करीत होता. त्यांच्या हवेत जादा प्राणवायू मिसळला की ती अधिक काळ टिकत, असे त्याला दिसले. तात्पर्य हे की प्राणवायू पायांच्या स्नायूंपर्यंत पोहोचणे ही एक लांबलचक साखळी आहे: फुप्फुस, रक्त, हृदय आणि स्नायू. श्वास ही तिची फक्त पहिली कडी. पुढची एखादी कडी निसटली असेल तर श्वासाचे सारे पाठ फुकट. हे मी वाचले होते, पण मला ते शिकवले आमच्या सौ.ने.

सौ.चा दम

जानेवारीपासून तीही येऊ लागली. वय ४४. मी नवा नवा पंडित. लगेच मास्तरकी सुरू केली. पोटाने श्वास घे, पावले मोज, दोन आणि दोन. ती बिचारी सगळे करी. तरी पाव फेऱ्यात थांबे. वेग कमी केला, नुसते चालणे ठेवले, तरी तेच.

“अगं, मोजत नाहीस तू,” मी म्हणे.

“अहो, मोजतेय हो. पण जीव घाबरा होतो.”

“सवय नाही, दुसरं काय!”

माझ्या पांडित्याला यंत्राचीही साथ मिळाली. २०२० च्या करोनाच्या साथीत घेतलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरात होते. ते लावले, आकडा ९८. “बघ, तुझ्यात काही कमी नाही,” असा निकाल मी देऊन टाकला. तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुकाट्याने आली.

मार्चमधल्या एका संध्याकाळी मी कचेरीतून परतलो, तर ही दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर भाजीची पिशवी शेजारी ठेवून बसलेली. चेहरा पांढराफटक. धावणे नाही, घाई नाही; दोन जिने चढून दम खात होती. मास्तरांना सांगितले तेव्हा ते माझ्यावर जवळजवळ ओरडलेच. “ज्याचा दम चालतानाही जात नाही, त्याला मास्तर नको, डॉक्टर पाहिजे!”

डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली आणि रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन आले ८. स्त्रियांत ते १२ च्या खाली गेले की रक्तक्षय मानतात.

“मग ऑक्सिमीटर ९८ कसं दाखवतं?” मी विचारले.

डॉक्टर म्हणाले, “तुम्ही दादरचे ना? लोकलच्या १४ फेऱ्यांच्या जागी ८ सोडल्या आणि आठही गच्च भरल्या, तर ‘गाड्या भरून जातात’ हे खरंच. पण फलाटावर माणसं उरणारच. हे यंत्र गाडी किती भरली ते सांगतं. गाड्या किती आहेत ते सांगत नाही.” हिमोग्लोबिनचा प्रत्येक ग्रॅम सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेतो. गाड्याच कमी, तर श्वास कितीही शास्त्रशुद्ध घ्या, पाय उपाशीच राहणार.

डॉक्टरांनी विचारले तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. दर महिन्याचा जास्तीचा रक्तस्राव, जो तिने वर्षानुवर्षे कुणाला सांगितला नव्हता. सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले जेवणे. जेवणावर लगेच चहा, ज्याने अन्नातले लोह अंगी लागायला अडथळा होतो. ही कहाणी आमच्या एकट्या घरची नव्हे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. शंभरात सत्तावन्न! आणि आपण त्यांना काय सांगतो? सवय नाही.

मूळ कारणावर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, ताटात लिंबाची फोड आली, चहा जेवणापासून दूर गेला. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन बाराच्या जवळ आले. पण मला एक गोष्ट अजून टोचते. दोन महिने मी तिला श्वास कसा घ्यावा हे शिकवीत होतो आणि तिचा श्वास जे सांगत होता तेच ऐकत नव्हतो.

म्हणून वाचकांना विनंती, या दिवाळीनंतर धावायला जरूर सुरुवात करा. पण चाळिशी उलटली असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. छातीत दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, घेरी, छातीत शीळ वाजणे, पायांना सूज, रात्री आडवे झाल्यावर दम लागणे, यांतले काही जाणवले तर तालाची पावले मोजत बसू नका. दवाखान्याची वाट धरा. आणि घरातले कुणी “दम लागतो” म्हणाले तर दम देऊ नका.

आता आम्ही दोघे रोज सकाळी एक फेरा धावतो. बोलण्याचा धडा सौ.ने चांगलाच मनावर घेतला आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती बोलत असते आणि मी नुसता “हूं” म्हणत असतो. कट्ट्यावरून मास्तर विचारतात, “काय साहेब, दम लागला का?” मी मानेनेच नाही म्हणतो. ऐकण्याचे काम चालू असते.